बैलाची सुट्टी आणि कॅलेंडरची जागा

मंडळी, माझं एक स्पष्ट मत आहे. घरातलं कॅलेंडर स्वयंपाकघरात टांगू नये. ते दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी लावावं. हसू नका! इतकी वर्षं शाळेत मराठी शिकवल्यावर माणूस उगाच काही बोलत नाही (निदान त्याची स्वतःची तरी तशी समजूत असते).

कारण सांगते. आमच्या यवतमाळकडे पोळा ते ऋषिपंचमी हा आठवडा म्हणजे घराची वार्षिक परीक्षाच. अमावास्येला पोळा, मग तान्हा पोळा, हरतालिका, गणपती आणि ऋषिपंचमी. २०२५ मध्ये पोळा २२ ऑगस्टला होता आणि ऋषिपंचमी २८ ला. म्हणजे सात दिवसांत पाच पेपर, आणि मधल्या दिवसांत डबे, दप्तरं आणि ऑफिस आहेच.

आमच्या घरात सहा माणसं. मी आणि 'हे', दोघंही पेन्शनर. चिरंजीव, सूनबाई, आठवीतली नात आणि तिसरीतला नातू. सूनबाई रोज एसटीने दारव्ह्याला नोकरीला जाते.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खेड्यात बैलांचे खांदे शेकतात, हळद-तूप चोळतात आणि उद्या जेवायला या म्हणून त्यांना आवतण देतात. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू नाही, अंगावर झूल, पुढ्यात पुरणपोळी. आमच्या घरी बैल नाही, पण पुरण आहे. सूनबाई पहाटे पाचपासून ओट्याशी उभी होती. भांडी घासायला येणाऱ्या ताईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "बैलाले तरी सालातून एक दिवस सुट्टी भेटते, बाई. आपल्याले कोन देते?" मी निबंधाचे हजारो कागद तपासले असतील, पण विषयाला इतकं नेमकं धरून वाक्य क्वचितच वाचलं.

तान्ह्या पोळ्याला नातवाला शेतकरी व्हायचं होतं. धोतर आजोबांचं, मिशी काजळाची. लाकडी नंदीची झूल कुठे ठेवली, हा एकच प्रश्न चार माणसांनी एकाच बाईला विचारला. तिने शिजत्या वरणावरून नजर न हलवता उत्तर दिलं, "लोखंडी कपाट, खालचा खण, स्वेटरांच्या मागे." संध्याकाळी नातवाचा बोजारा जमला ८५ रुपये आणि दोन चॉकलेटं. सूनबाईचा बोजारा काही कोणी विचारला नाही!

हरतालिकेला तिचा कडक उपास, आणि बाकी पाच जणांचा स्वयंपाक. गणेश चतुर्थीला मात्र मला राहवलं नाही. जुनी सवय, रकाने आखले. सकाळपासून आरतीपर्यंत घरात एकूण ४१ प्रश्न विचारले गेले. दूर्वा आणल्या का, जानवं कुठे, गुरुजींना फोन केला का, वगैरे. त्यातले ३६ सूनबाईला, ४ मला आणि १ गणपतीला ("बाप्पा, कापूर कुठे आहे रे?").

ऋषिपंचमीला आपल्याकडे बैलाच्या कष्टाचं खायचं नाही असा नेम आहे. किती सुंदर विचार! आठवडा सुरू होतो बैलाच्या पूजेने आणि संपतो त्याच्या कष्टाची जाणीव ठेवून. फक्त बाईच्या कष्टाचं न खाण्याचा एकही दिवस पंचांगात सापडत नाही.

त्याच रात्री सूनबाई सहज बोलून गेली की तिच्या बढतीसाठी नागपूरला महिनाभराचं प्रशिक्षण आहे, पण ती नाव देणार नाही. म्हणाली, "आई, स्वयंपाक तर कोणीही करेल हो. पण लक्षात कोण ठेवेल?"

मंडळी, सगळं इथेच आहे. केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो आणि पुरुषांचा ८८. हे झालं हातांचं काम. पण भजी तळता तळता लसीची तारीख, गॅसचा नंबर आणि गुरुजींचा फोन डोक्यात फिरत असतो, तो कोणत्या मिनिटात मोजायचा? अमेरिकेत ॲलिसन डॅमिंजर या अभ्यासिकेने २०१९ मध्ये ३५ जोडप्यांच्या मुलाखतींवरून लिहिलं, की निर्णय बऱ्याचदा दोघं मिळून घेतात. पण काय लागणार हे आधी ओळखणं आणि ते झालं का हे नंतर पाहणं बहुतेक बायकोकडेच असतं. थोडक्यात, तिकडेही कॅलेंडर स्वयंपाकघरातच आहे.

मुलं कामं करत नाहीत असं मी म्हणत नाही. आमचे चिरंजीव सांगितलेलं प्रत्येक काम करतात. पण सांगावं लागतं, आणि सांगणं हेसुद्धा कामच की! शाळेत आम्ही घंटा, हजेरी, खडू, पाणी अशी एकेक जबाबदारी वर्गातल्या एकेकाच्या नावाने फळ्यावर लिहायचो. खडू संपला तर सगळा वर्ग बाईंकडे नाही, खडूवाल्याकडे बघायचा. घर काही वर्गाहून अवघड नाही. विद्यार्थी तेवढे वयाने मोठे असतात.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी कॅलेंडर दिवाणखान्यात आणलं आणि शेजारी नावं लिहिली. गॅस, दूध, वीजबिल चिरंजीव. औषधं आणि किराणा 'हे'. शाळेच्या सूचना नात. नंदी आणि त्याची झूल नातू. सूनबाईच्या नावापुढे एकच शब्द, नागपूर.

ती गेली. महिनाभरात गॅस एकदा ऐन पोळ्या लाटताना संपला, दूध दोनदा दुप्पट आलं आणि नातू एका रविवारी सकाळी गणवेश घालून दारात उभा राहिला. पण घर काही बुडालं नाही. ती परत आली त्या संध्याकाळी चिरंजीव कोणी न सांगता म्हणाले, "उद्या दूधवाल्याचा हिशेब आहे, मी बघतो." सूनबाई हातातली बॅग खाली ठेवायची विसरून तशीच उभी राहिली.

पोळा बैलाचा आहे, तो त्याचाच राहू द्या. बाईला झूल नको, शिंगांना रंगही नको. तिच्या डोक्यातली यादी तेवढी पाच जणांत वाटून घ्या. तुमच्या घरी कॅलेंडर कुठे टांगलंय, एकदा बघा बरं. आणि खिळा ठोकायचं काम तिला सांगू नका!