ट्रायपॉड बाहेर, फळी आत!

मित्रांनो, पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या कुणालाही विचारा, "सगळ्यात अवघड काय असतं हो?" उत्तर येईल, पक्षी शोधणं, चांगला उजेड मिळणं, नाहीतर पहाटे चारला उठणं. (हॉस्टेलवाल्यांना तिसरं उत्तर लगेच पटेल!) माझ्या मते सगळ्यात अवघड काम आहे चार बाय सहा फुटांच्या लपणात पाच किलोचं धूड दोन तास स्थिर धरून बसणं. आणि त्याहूनही अवघड म्हणजे हे करताना शेजारच्याच्या पावलावर आपल्या ट्रायपॉडचा पाय न ठेवणं.

'हाईड' हा शब्द मला शाळेत शिकवला गेला तो क्रियापद म्हणून. त्याला मराठीत 'लपण' असा नेमका शब्द आहे, हे बऱ्याच उशिरा कळलं. लपण म्हणजे पक्ष्यांना आपण दिसू नये म्हणून उभारलेला आडोसा. कधी तो तरटाचा असतो, कधी लाकडी खोली, तर कधी मनोरा. कल्पना जुनीच आहे. इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी कीअर्टन या भावांनी तर १९०० च्या सुमारास पोकळ बैल बनवून घेतला होता, आणि बैलाच्या पोटात शिरून ते पक्ष्यांचे फोटो काढायचे! त्यांना तिथे किती ऐसपैस वाटत असेल याची कल्पना आपण करू शकतो. सव्वाशे वर्षं झाली, कॅमेरे कुठल्या कुठे गेले, पण लपणातली दाटी काही गेली नाही.

आपल्या नाशिक जिल्ह्यात हा विषय काढायला चांगलं कारण आहे. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूर मधमेश्वरचा बंधारा आहे. बांधला शेतीच्या पाण्यासाठी, पण वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्ष्यांना राज्य मिळालं. १९८६ मध्ये अभयारण्य झालं, आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून त्याचं नाव जाहीर झालं. हिवाळ्यात तिथे चक्रवाक, तलवार बदक, थापट्या असे पाहुणे उतरतात. चित्रबलाक आणि जांभळ्या पाणकोंबड्या तर आहेतच. साहजिकच डिसेंबर-जानेवारीच्या रविवारी माणसांचेही थवे उतरतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या खांद्यावर तोफ असते.

आता ही तोफ म्हणजे किती वजन? कॅननच्या ६०० एमएम एफ-४ या लेन्सचंच घ्या. १९९९ ची आवृत्ती ५.३६ किलो होती, नंतरची ३.९२ किलो झाली आणि २०१८ ची ३.०५ किलो. म्हणजे वीस वर्षांत दोन किलोपेक्षा जास्त वजन कमी झालं. पण नवी लेन्स परवडणारे किती? आपल्याकडे जुन्या, सेकंडहँड लेन्सेस वर्षानुवर्षं चालतात. आणि तीन किलोची लेन्स अधिक एक किलोची बॉडी मिळून चार किलो झाले, तरी ते शरीरापासून ३० सेंटिमीटर पुढे धरायचे म्हणजे जवळजवळ १२ न्यूटन-मीटरचा मोमेंट. मेकॅनिक्सच्या पेपरात हा आकडा किरकोळ वाटतो. खंड्या कधी सूर मारतो याची वाट बघत हात वर धरून बसलात की दोन मिनिटांत कळतं. नव्या कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन हाताचा थरथराट कमी करतं, हात दुखायचा थांबवत नाही.

म्हणून लोक ट्रायपॉड आणतात. मोकळ्या मैदानात ट्रायपॉडसारखा मित्र नाही, हे मलाही मान्य आहे. पण लपणात? जरा गणित करू. ट्रायपॉडचे पाय उभ्या रेषेपासून साधारण २३ अंश बाहेर जातात. उंची १.२ मीटर धरली तर प्रत्येक पाऊल मध्यापासून ५१ सेंटिमीटरवर टेकतं. म्हणजे एक मीटर व्यासाचं वर्तुळ झालं! चार बाय सहाच्या लपणात एका ट्रायपॉडने एक तृतीयांशापेक्षा जास्त जमीन खाल्ली. शिवाय ज्याचा आहे तो मागे उभा, त्याची बॅग कोपऱ्यात. बाकीच्यांनी काय करायचं, एका पायावर बगळ्यासारखं उभं राहायचं?

बरं, एवढी जागा खाऊन फोटो तरी धारदार येतो का? इथे खरी गंमत आहे. ६०० एमएमची लेन्स आणि २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम सेन्सर घ्या. सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर, त्यात ६००० पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा. त्याला ६०० मिलिमीटरने भागलं की येतो एक लाखांश रेडियन. याचा अर्थ, अर्धा मीटर लांबीच्या कॅमेरा-लेन्सचं एक टोक दुसऱ्याच्या तुलनेत फक्त ५ मायक्रॉन हललं, तरी चित्र एक पिक्सेल सरकतं. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. केसाचा चौदावा भाग!

आता लपणाची जमीन आठवा. बहुतेक वेळा ती फळ्यांची किंवा पत्र्याची असते. कुणी जिना चढून आलं, कुणी पाय बदलला, की जमीन हलते. ट्रायपॉडचे तीन पाय वेगवेगळ्या फळ्यांवर असतात. त्यातलं एक पाऊल बाकी दोघांपेक्षा एक दशांश मिलिमीटर खाली गेलं, तर वरच्या हिशोबाने चित्र दहापेक्षा जास्त पिक्सेल सरकतं. सकाळच्या कमी उजेडात शटर १/६० वर असेल तर त्या फोटोत बदक आहे की भोपळा, हे ओळखायला तज्ज्ञ बोलवावे लागतील. त्यात खिडकी उंच म्हणून मधला दांडा वर काढला, तर तो झाला कँटिलिव्हर. डिफ्लेक्शन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, हे आपण सगळ्यांनी कधी ना कधी वायवात पोपटासारखं म्हटलेलं आहे. दांडा दुप्पट वर, डोलणं आठपट!

मग उपाय? उपाय आमच्या नामपूरच्या घराघरात आहे. जुन्या जीन्सचा एक पाय कापायचा, एक टोक टेलरकडून दुहेरी शिवून घ्यायचं, आत दोन-अडीच किलो बाजरी भरायची, तीन चतुर्थांशच भरायची, आणि दुसरं टोक शिवायचं. झाली बीन बॅग! खिडकीच्या कठड्यावर ठेवा, वर लेन्स ठेवून हलकेच दाबा. दाणे सरकतात, लेन्सच्या गोलाईला घट्ट बसतात. आपल्या भाषेत सांगायचं तर एका बिंदूवरचा लोड पसरून डिस्ट्रिब्यूटेड होतो, आणि दाण्यावर दाणा घासून कंपनाची ऊर्जा तिथेच जिरते. ट्रायपॉडची धातूची नळी मात्र टकटक केली की बराच वेळ गुणगुणत राहते.

मोसम नदीच्या काठी बांबू आणि कांद्याचं बारदान वापरून उभ्या केलेल्या लपणात मी हीच पिशवी वापरते. बसायला टोमॅटोचं पालथं कॅरेट, पुढे दोन खांबांवर ठोकलेली एक फळी, फळीवर बाजरी. जागा एवढी की कोपर वळवलं तर बारदानाला लागतं. वाटेने जाणारे एक आजोबा हे सगळं बघून म्हणाले होते, "काय करी राहिना रे भाऊ?" आत मुलगी आहे हे कळल्यावर ते जास्तच बुचकळ्यात पडले. पण फळीला हात लावून त्यांनी ती हलते का ते बघितलं, आणि मान डोलावली. तपासणी झाली!

पिशवीलाही दोष आहेत, ते लपवणार नाही. धान्याला कीड लागते, ओल लागली तर बुरशी येते, म्हणून दर मोसमात दाणे बदलावे लागतात. वाळू भरायचा मोह टाळा, तिची धूळ लेन्समध्ये जाते. प्लॅस्टिकचे दाणे टिकतात, पण पिशवी उसवली तर ते पाणथळीत सांडणार, आणि ते मला पटत नाही. व्हिडिओ काढायचा असेल तर नुसत्या पिशवीवर सफाईने पॅन करता येत नाही, तिथे फळीला क्लॅम्प लावून त्यावर हेड बसवणं उत्तम. मोनोपॉडही बरा. वजन तो घेतो, डुलणं मात्र तुम्हालाच सांभाळावं लागतं.

पण या सगळ्याला एक अट आहे. फळी हवी! आणि मित्रांनो, माझं खरं भांडण इथेच आहे. मी पाहिलेल्या एका मनोऱ्यात खिडकीला कठडा म्हणून फक्त गोल पाइप होता. पाइपवर पिशवी ठेवली की ती एक तर आत पडते नाहीतर बाहेर. त्या दिवशी आत तीन ट्रायपॉड होते आणि मागे शाळेची दहा-बारा पोरं. "काका, जरा सरकता का? यांना दिसत नाहीये," असं म्हटल्यावर काका खरंच सरकायला तयार होते, पण ट्रायपॉड सरकेना, कारण त्याचा एक पाय दुसऱ्या काकांच्या ट्रायपॉडमध्ये अडकला होता. पोरांनी काकांच्या पाठी बघितल्या आणि खाली उतरली. थोड्या वेळाने एक फोटोग्राफरही कंटाळून उतरला आणि सरळ पाण्याच्या काठाने चालू लागला. पुढच्या मिनिटाला शे-दोनशे बदकं उडाली.

त्या काकांना मी दोष देत नाही. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला पोटभर खाऊ द्यायचं, त्याला उगाच उडवायचं नाही, एवढ्यासाठी तर लपण असतं. जिथे कॅमेरा टेकवायला जागा नाही, ते लपण माणसाला स्वतःच बाहेर ढकलतं. मग नियमांच्या कितीही पाट्या लावा. माणूस शिस्तीत राहावा असं वाटत असेल, तर शिस्तीत राहणं सोयीचं करायला हवं, आणि ते इंजिनिअरचं काम आहे.

काम तसं छोटंच आहे. स्टूल ४५ सेंटिमीटरचं, बसल्यावर डोळा त्याच्या वर साधारण ७३ सेंटिमीटर, म्हणजे जमिनीपासून ११८. त्यातून लेन्सची निम्मी जाडी आणि तिचा पाय मिळून १० सेंटिमीटर आणि दबलेल्या पिशवीचे ८ वजा केले की फळीची उंची आली १०० सेंटिमीटर, बरोबर एक मीटर! रुंदी ३० सेंटिमीटर पुरे. फळी आतल्या बाजूला असावी, म्हणजे लेन्स बाहेर काढून हलवावी लागत नाही आणि पक्षी बुजत नाहीत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फळीचे खांब जमिनीच्या फळ्यांना न जोडता थेट मातीत रोवावेत. कारखान्यात कॉम्प्रेसरचं फाउंडेशन बाकीच्या फ्लोअरपासून फट ठेवून वेगळं करतात ना, तेच तत्त्व, फक्त उलट्या दिशेने. मग मागे पोरांनी उड्या मारल्या तरी कॅमेऱ्याला पत्ता लागणार नाही. उंच मनोऱ्यात हे जमणार नाही, पण जमिनीलगतच्या लपणात नक्की जमेल. आणि एक फट खाली, ६०-७० सेंटिमीटरवरही ठेवावी. फोटोग्राफरला पाण्याच्या जवळचा अँगल मिळेल, आणि लहान पोरांना, व्हीलचेअरवरच्या माणसाला कुणालाही "सरका" न म्हणता पक्षी दिसेल.

"एवढ्याशा फळीसाठी एवढा लेख?" असं कुणी म्हणेल. म्हणू द्या. आपण प्रोजेक्टसाठी दरवर्षी लाइन फॉलोअर रोबोट बनवतो, तो एक काळी रेघ पाळत गोल फिरतो आणि वायवा झाला की कपाटात जातो. त्याऐवजी सिव्हिल आणि मेकॅनिकलच्या चौघांनी मिळून एका लपणाचं मोजमाप घ्यावं, फळीचं ड्रॉइंग करावं, मोबाइलमधल्या अ‍ॅक्सेलरोमीटरने जमिनीचं आणि फळीचं कंपन वेगवेगळं मोजावं, आणि तो रिपोर्ट वन विभागाकडे रीतसर द्यावा. मंजूर झालाच तर आपलं काम तिथे वर्षानुवर्षं उभं राहील, आणि त्यावर कोपर टेकून कुणीतरी आयुष्यातला पहिला चक्रवाक बघेल.

तोपर्यंत, नांदूरला जाणार असाल तर ट्रायपॉड गाडीतच ठेवा. आणि तुमच्याकडे जुनी जीन्स आहेच. बाजरी नसेल तर सांगा, नामपूरहून आणून देईन!