निधी वळवला जातो तेव्हा सामाजिक न्याय विभाग कुणाशी बोलतो?

मे २०२५ मध्ये 'लाडकी बहीण' योजनेच्या हप्त्यासाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५.७० कोटी रुपये वळवले गेले. सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी पत्रकारांसमोर संताप व्यक्त केला. गरज नसेल तर खातेच बंद करा, असेही म्हणाले. बातमी गाजली आणि विरली.

सरकारचा खुलासा असा की, हा पैसा त्या-त्या समाजातल्या बहिणींनाच मिळतो. बहिणींना दीड हजार मिळू नयेत असे आम्ही म्हणत नाही. पण ती सर्व समाजांसाठीची योजना आहे. अनुसूचित जाती उपयोजना त्यासाठी नाही. राज्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या ११.८ टक्के (२०११). त्या प्रमाणात वेगळा निधी ठेवायचा, तो शिक्षण, वसतिगृह, घर, जमीन यांतला अनुशेष भरण्यासाठी. सर्वांना मिळते ते आमच्या वाट्यातून दिले, तर वेगळा वाटा उरला कुठे?

विभागाचा जनसंपर्क १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरच्या जाहिरातींत ठळक दिसतो. योजनांची नावे आणि मंत्र्यांचे फोटो असतात. तरतूद किती, खर्च किती, वळवले किती, हे मात्र नसते. स्वाधारच्या हप्त्याची वाट पाहत खोलीभाडे थकवणाऱ्या विद्यार्थ्याला नेमके तेच हवे असते.

हा हिशेब मागण्याची खरी जागा विधिमंडळ आहे. पत्रकारांपुढच्या वक्तव्याला पुरवणी प्रश्न विचारता येत नाही. सभागृहातल्या तारांकित प्रश्नाला येतो. तिथले उत्तर नोंदीत राहते, चुकीचे निघाले तर मंत्र्याला जाब विचारता येतो.

कर्नाटकने २०१३ मध्ये आणि तेलंगणाने २०१७ मध्ये या निधीसाठी कायदा केला. महाराष्ट्रात तो नाही. कायदा पुरेसा आहे असेही नाही. कर्नाटकात हमी योजनांसाठी हाच निधी वापरल्यावरून वाद झालाच. पण तिथे सरकारला कायद्यावर बोट ठेवून विचारता आले. आपल्याकडे ठेवायला बोटाखाली कागदच नाही.

म्हणून पुढच्या अधिवेशनाआधी तरुणांनी तीन कामे करावीत. आपल्या आमदाराला तारांकित प्रश्न लेखी द्यावा. विधिमंडळाच्या अनुसूचित जाती कल्याण समितीला निवेदन पाठवावे. माहिती अधिकारात जिल्हानिहाय तरतूद आणि खर्च मागवावा. मोर्चा जरूर काढू, पण हातात आकडे घेऊन.