मोजलेले आणि दिलेले

'खेळात जातपात नसते' हे वाक्य आपण क्रीडामहोत्सवाच्या भाषणांतून इतक्या वेळा ऐकतो, की ते तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही. बाळू पालवणकरांविषयी वाचल्यावर मला ती वाटली.

१८७६ साली धारवाडला चर्मकार कुटुंबात जन्मलेले बाळू पुण्यातील एका पारशी क्लबात महिना ३ रुपयांवर कामाला लागले. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपये मिळू लागले. खेळपट्टी तयार करायची, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायची, हे त्यांचे काम. ग्रेगसारखा नामांकित फलंदाज त्यांच्या डावखुऱ्या फिरकीवर तासन्‌तास सराव करी. पण तेथे बाळूंच्या हाती बॅट कधी आली नाही. आमच्या पिंपळीच्या माळावरही ज्याची बॅट त्याची पहिली पाळी. बाकीच्यांनी चेंडू टाकायचा. त्यामुळे ही गोष्ट मला कोणी समजावून सांगावी लागली नाही.

पुढे साहेबांना हरवायचे म्हणून पुण्याच्या हिंदू संघाने बाळूंना घेतले. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सर्वांना चाले. चहाच्या सुटीत मात्र त्यांना चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे.

१९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ गडी बाद केले. तरीही हिंदू संघाचे कर्णधार म्हणून त्यांची निवड कधीच झाली नाही. १९२० साली त्यांना पुन्हा डावलले, तेव्हा विठ्ठल व शिवराम या त्यांच्या भावांनी संघातून अंग काढून घेऊन निषेध केला. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. तोवर बाळूंचे खेळण्याचे वय सरले होते.

मला यातून एक गोष्ट दिसते. गडी मोजता येतात. म्हणून ते बाळूंना नाकारता आले नाहीत. कर्णधारपद मोजता येत नाही, ते कोणीतरी द्यावे लागते. तेथेच हात आखडला.

माझ्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. परीक्षेचे गुण मोजून मिळतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण स्नेहसंमेलनाचे सूत्रसंचालन, संघाचे नेतृत्व, वर्गप्रतिनिधीचे पद या दिल्या जाणाऱ्या गोष्टी. त्या देताना आपली नजर दरवर्षी त्याच चार ओळखीच्या चेहऱ्यांकडे का वळते? कोणी मुद्दाम तसे करतो असे मी म्हणत नाही. पण मागच्या बाकावरच्या मुलाला नुसते 'छान गुण मिळवलेस' म्हणून भागणार नाही. बाळूंनाही शाबासकीची वाण नव्हती.

यंदा संघ निवडताना, मित्रहो व गुरुजनहो, एवढे लक्षात असावे, इतकीच विनंती.