चिरलेला कांदा कोणी चिरला?

मध्यंतरी एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत 'दहा मिनिटांत रात्रीचे पौष्टिक जेवण' अशा मथळ्याची एक पाककृती आमच्या वाचनात आली. साहित्याची यादी अशी: बारीक चिरलेला कांदा दोन वाट्या, निवडून धुतलेली मेथी एक जुडी, भिजवून वाटलेली मूगडाळ एक वाटी, खवलेला नारळ अर्धी वाटी, आले-लसणाचे ताजे वाटण दोन चमचे. दहा मिनिटांची गणना ही यादी संपल्यावर सुरू होते. आम्ही तिघे मराठीचे अध्यापक. दोघी बायका, एक पुरुष. तिघांचीही पहिली प्रतिक्रिया भुकेची नव्हती, व्याकरणाची होती.

'चिरलेला', 'भिजवलेली', 'खवलेला' ही धातुसाधित विशेषणे आहेत, हे आम्ही प्रथम वर्षाच्या मुलांना दरवर्षी सांगतो. क्रिया पूर्ण झालेली, कर्म पुढ्यात हजर आणि कर्ता अदृश्य, अशी त्यांची रचना. पाककृती नावाचा सगळा वाङ्मयप्रकार या विशेषणावर उभा आहे. मेथीची जुडी निवडायला किती वेळ लागतो, हे ज्याने ती कधी निवडली आहे त्याला सांगायला नको. ज्याने निवडली नाही त्याला ते 'निवडून धुतलेली' या दोन शब्दांतून कळण्याची सोय नाही. श्रम क्रियापदातून काढून विशेषणात टाकले की ते वस्तूचा गुणधर्म होतात, जणू मेथी शेतातूनच निवडलेली उगवते. मग कृती दहा मिनिटांची होते आणि ती एका तासात जिच्या हातून होते ती बाई मंद ठरते. आमचा पहिला आक्षेप हा, आणि तो शैलीवरचा नाही.

कर्ता लपवण्याची ही परंपरा तशी जुनी. पूर्वीची पुस्तके 'परतावे', 'शिजवावे' असा विध्यर्थ वापरीत; आजची 'परता', 'शिजवा' म्हणतात. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५चे. ते एका पुरुषाने लिहिले, हे विद्यार्थ्यांना सांगितले की वर्गात हमखास हसू फुटते. का फुटावे? पुराणांत नावाजलेले दोन स्वयंपाकी, नळ आणि बल्लवाच्या वेषातला भीम, दोघेही पुरुषच आहेत. उत्तम स्वयंपाकाला आपण 'नळपाक' म्हणतो. दमयंतीपाक हा शब्द कोशात नाही. पुरुषाने रांधले तर ती विद्या होते, तिला नाव मिळते. बाईने रांधले तर तो स्वभाव. द्रौपदीच्या वाट्याला आली ती थाळी. सर्वांचे झाल्यावर तिने जेवायचे आणि ती जेवली की थाळी रिकामी. या कथेकडे चमत्कार म्हणून पाहिले जाते. आम्हांला तिच्यात एका दमलेल्या बाईचे स्वप्न दिसते: न रांधता भरणारे भांडे. अट मात्र स्वप्नातही सुटली नाही, शेवटी जेवायचे तिनेच.

आपल्या खाद्यविषयक ललित लेखनाचेही तेच. पु. ल. देशपांडे यांचा 'माझे खाद्यजीवन' आम्ही आवडीने वाचतो, वर्गातही वाचून दाखवतो. त्या लेखाशी आमचे भांडण नाही. परंतु शीर्षक नीट पाहावे. ते खाणाऱ्याचे आत्मचरित्र आहे. त्याच्या पुढेमागे लिहिल्या गेलेल्या शेकडो लेखांत आजीची चूल, आईच्या हातची चव, तव्यावरून थेट पानात पडणारी पोळी हे सारे पाटाच्या बाजूने पाहिलेले आहे, ओट्याच्या बाजूने नव्हे. पोळी तव्यावरून थेट पानात पडत असेल, तर ती टाकणारी त्या वेळी जेवत नाही एवढे तरी स्मरणरंजनाला कळावे! 'माझे स्वयंपाकजीवन' या नावाचा, त्यातल्या कंटाळ्यासकट लिहिलेला लेख आमच्या पाहण्यात नाही. दुर्गा भागवतांचे 'खमंग' आहे. पण ते विदुषीचे आहे, रस घेऊन रांधणारीचे आहे. स्वयंपाक न आवडणाऱ्या बाईला मराठीत आत्मकथन आहे, कविता आहे, घटस्फोटाची कथाही आहे. पाककृतीचे पुस्तक नाही.

अमेरिकेत असे पुस्तक निघाले ते १९६० साली. पेग ब्रॅकन या जाहिरातलेखिकेचे 'द आय हेट टू कुक बुक'. बेटी फ्रीडन यांचे 'द फेमिनिन मिस्टीक' त्यानंतर तीन वर्षांनी आले. स्त्रीवादाचा इतिहास शिकवताना आपण दुसरे पुस्तक सांगतो, पहिले सांगत नाही; कारण ते 'तसले' पुस्तक. वस्तुतः 'मला हे काम आवडत नाही, तरी घर जेवले पाहिजे' हे साधे विधान छापून, त्याखाली लाज न बाळगता कृती देणे, हा मोठाच प्रकार होता. त्यातल्या डबाबंद सूपांवर भिस्त ठेवणाऱ्या कृती आज कोणी अनुकरणीय म्हणणार नाही. पण त्या विधानाची मराठी आवृत्ती अजून निघायची आहे.

आणि इथेच गंमत आहे. कारण न आवडणाऱ्याला पेलेल असे, पोटाला हलके आणि सकस जेवण आपल्याकडे आधीपासूनच आहे. त्यासाठी डबा फोडावा लागत नाही. मुगाच्या डाळीची खिचडी घ्या. वाटीभर तांदूळ, तेवढीच डाळ, सहा वाट्या पाणी, हळद, मीठ, घरात असेल त्या दुधी-गाजर-पालकाचे ओबडधोबड तुकडे. कुकरच्या चार शिट्या. धान्यात लायसिन कमी, डाळीत मिथिओनिन कमी, दोन्ही एकत्र आली की एकमेकांची उणीव भरून निघते. हे शास्त्र आजीला ठाऊक नव्हते, जोडी ठाऊक होती. पिठले: वाटीभर बेसन, तीन वाट्या पाणी, फोडणी, पंधरा मिनिटे. वरणफळे, ज्यांना कुठे चकोल्या म्हणतात: वरणातच कणकेचे तुकडे उकळायचे, पोळ्या लाटून भाजायचे निराळे काम नाही. भाजणी घरात असली तर थालीपीठ, त्यातच किसलेला (पाहा, आम्हीही त्या विशेषणातून सुटलो नाही) मुळा किंवा कोबी. मोडाची मटकी कुकरमध्ये एका शिटीत होते. अंडी चालत असतील तर ती उकडायला कौशल्य लागत नाही. सोबत काकडी, टोमॅटो, मुळा, गाजर नुसते कापून. कोशिंबीर करायची सक्ती नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत निम्मे ताट भाज्या-फळांचे असावे आणि दिवसाचे मीठ पाच ग्रॅमच्या आत असावे, असे म्हटले आहे. यांतली एकही गोष्ट चार पदार्थांच्या ताटाची अपेक्षा करीत नाही. पापड-लोणच्यांनी सजलेले पान मिठाच्या बाबतीत उलट नापास होईल.

मग अडते कुठे? 'आज फक्त खिचडीच का?' या प्रश्नातल्या 'फक्त' या शब्दात अडते. खिचडी हे आजारपणातले, प्रवासाहून आल्यावरचे, 'आज बरे नाही' असे सांगून करायचे जेवण. निरोगी बाईने मंगळवारी रात्री कारणाशिवाय खिचडी टाकली तर तिला खुलासा द्यावा लागतो. आमच्या तिघांपैकी एकीने कित्येक वर्षे डोकेदुखीचे निमित्त वापरले. पौष्टिकतेची सारी चर्चा या शब्दापाशी येऊन थांबते आणि आहारतज्ज्ञ त्याच्याविषयी काही बोलत नाहीत.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९च्या वेळवापर पाहणीत बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यातला दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटे आणि करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे निघाला होता. लक्षात घ्यावे, ९७ हा आकडा जे पुरुष काही करतात त्यांच्यापुरता आहे. न करणारे त्यात मोजलेलेच नाहीत. 'स्वयंपाक' या शब्दाची फोड करून पाहावी: स्वयं अधिक पाक, स्वतः रांधणे. सोवळ्याच्या कल्पनेतून आलेला हा शब्द, दुसऱ्याच्या हातचे न खाता आपले आपण रांधून घेणाऱ्याचा. मराठीने तो उचलला आणि त्यातला 'स्वयं' सोयीस्करपणे सोडून दिला. आज 'मी स्वयंपाक करत नाही' असे अभिमानाने सांगणारा गृहस्थ व्युत्पत्तीनुसार उपाशी राहायला हवा.

आमच्या पक्षातली एक अडचणही मांडली पाहिजे, नाही तर हे लेखन अप्रामाणिक होईल. ज्यांना स्वयंपाक आवडत नाही आणि ज्यांना परवडते, अशा आमच्यासारख्यांच्या घरी पोळ्यांच्या बाई येतात. त्या चार-पाच घरांतल्या पोळ्या करून स्वतःच्या घरी गेल्यावर रात्री काय रांधतात, हे आम्ही किती वेळा विचारले? नावड हीसुद्धा एक चैन आहे. तिचा खर्च बहुधा दुसरी बाई उचलते. म्हणूनच कमी पदार्थांचे जेवण हा आम्हांला बाईमाणूस बदलण्यापेक्षा बरा मार्ग वाटतो. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या संदर्भात प्रत्येक मराठी विभागात वाचले जावे. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांच्या अन्नाची ती नोंद आहे, आणि तिच्या शीर्षकातच अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या परंपरेला उत्तर आहे. ज्यांच्याकडे तेल-तूप-साखर बेताचीच होती, त्यांच्या पानात भाकरी आणि कोरड्यास असे. त्याला 'साधे जेवण' म्हणून आज मिरवणे हा दुसरा खोटेपणा होईल, तो आम्हांला करायचा नाही. एवढेच म्हणायचे आहे की डावी-उजवी बाजू असलेले भरले ताट म्हणजेच मराठी जेवण, हे विधान मूठभर घरांचे होते.

'पण स्वयंपाक ही कला आहे', असे आम्हांला हमखास ऐकवले जाईल. आहेच. आमच्यातल्या तिसरीला ती येते आणि आवडतेही. तिची तक्रार एवढीच की रोज संध्याकाळी साडेसातला सक्तीने करायची कला जगात दुसरी कोणती आहे ते दाखवा. कवीला कोणी विचारत नाही, आज फक्त एकच कविता का. कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने (१९७०) वाटी-चमच्याची मापे देऊन एका पिढीला 'अंदाजाने' या जुलमी शब्दातून सोडवले, याचे ऋण आम्ही मानतो. ज्या बाईला सासूचा अंदाज मिळाला नव्हता, तिला पुस्तक मिळाले. आता मापांच्या रकान्याशेजारी वेळेचा रकाना हवा. त्यात चिरणे, निवडणे, भिजत घालण्याची आठवण ठेवणे आणि भांडी घासणे हे सारे धरलेले असावे. क्रिया विशेषणातून काढून पुन्हा क्रियापदात आणावी, एवढी ही व्याकरणातली मागणी.

ती आम्ही एकदा प्रत्यक्षात आणून पाहिली. आमच्यापैकी एकाच्या महाविद्यालयात महिला दिनानिमित्त प्राध्यापिकांसाठी पाककला स्पर्धा होती. (महिला दिनाला पाककला, यावर भाष्य नको.) आम्ही तिघांच्या नावे खिचडी दिली: दुधी आणि गाजर घातलेली, वर लिंबू, शेजारी दह्यात काकडी. कृतीच्या कागदावर लिहिले: 'एकूण वेळ ५० मिनिटे, त्यांपैकी निवडणे-चिरणे १२, कुकरपाशी उभे राहण्याची गरज नसलेली २०, भांडी १०, उरलेली इतर.' पुरुष सहभागी असल्याने प्रवेशिका नियमात बसत नाही, असे आधी सांगण्यात आले; मग कौतुकाने चालवून घेतले गेले आणि परीक्षकांनी सर्वांत जास्त प्रश्न त्यालाच विचारले. खिचडी संपली. गुणपत्रिकेत सजावटीला शून्य होते, आणि वेळेच्या रकान्यासमोर लाल शाईत लिहिले होते: 'भांडी कशाला मोजली?'