कडू थोडं राहू द्या

तिरामिसूमध्ये दारू असतेच, असं आपल्याकडे पुष्कळ लोक धरून चालतात. हॉटेलात ते टेबलावर आलं की मुलांपुढची ताटली हळूच सरकवली जाते आणि त्यांच्यासाठी ब्राउनी मागवली जाते. माझ्या भाचीच्या मुलीच्या वाट्याला हे एकदा नाही, अनेकदा आलं. पोरगी दुसरीत आहे आणि उलटतपासणीत वकिलाला हार जाणार नाही. "मावशीआजी, मुलांचं तिरामिसू नसतंच का?" असं तिने फोनवर विचारलं. असतं की. खरं म्हणजे मुलांचंच आधी होतं, मोठ्यांनी त्यात बाटली नंतर ओतली.

इटलीच्या ईशान्येला, व्हेनिसच्या जवळच, त्रेव्हिझो नावाचं कालव्यांचं शहर आहे. तिथल्या 'ले बेक्केरिए' या रेस्टॉरंटमध्ये १९७२ साली तिरामिसू मेन्यूवर आलं. मालक आदो कांपेओल, त्यांच्या पत्नी आल्बा आणि गोडाच्या पदार्थांचं काम पाहणारे रोबेर्तो लिंग्वानोत्तो ही त्यामागची माणसं. ते सुचलं कसं, याच्या गोष्टी मात्र एकीला एक मिळत नाहीत. एकीत आल्बा बाळंतपणात थकलेल्या असतात आणि सासूबाई त्यांना फेटलेला बलक, साखर आणि कॉफी असं काहीतरी भरवतात. दुसरीत लिंग्वानोत्तो आइस्क्रीमसाठी अंडी आणि साखर फेटत असताना मस्कारपोने चीजचा गोळा भांड्यात पडतो. तिसरी जुन्या त्रेव्हिझोतल्या एका कुंटणखान्याची आहे. ती मी मुलीला सांगितलेली नाही, आणि तिच्या आईलाही सांगायचा विचार नाही. शेजारच्या फ्रिउलीचे लोक तर सगळ्याच गोष्टी उडवून लावतात. त्यांच्या मते तोल्मेत्झो गावात नोर्मा पिएल्ली यांच्या हॉटेलात हा पदार्थ पन्नाशीच्या दशकातच होत होता. २०१७ साली इटलीच्या सरकारी यादीत तिरामिसू फ्रिउलीचा पारंपरिक पदार्थ म्हणून नोंदलं गेलं, तेव्हा त्रेव्हिझो ज्यात येतं त्या व्हेनेटो प्रांताचे प्रमुख जाहीरपणे संतापले होते. भांडणात मला रस आहे, पण निकाल द्यायची घाई नाही.

माझ्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. व्हेनेटोच्या घराघरांत 'स्बातुदिन' नावाचं एक खाणं होतं: अंड्याचा बलक आणि साखर फिकट पिवळा फेस येईपर्यंत फेटायची, बस. अशक्त मुलं, म्हातारी माणसं, बाळंतिणी यांच्यासाठी ते केलं जाई. आपल्याकडे अहळिवाची खीर ज्या हेतूने आणि ज्या हक्काने समोर येते, तसंच. तिरामिसूच्या पोटात हे स्बातुदिन आहे. त्यात मस्कारपोने मिसळलं, खाली कॉफीत बुडवलेली लांबट बिस्किटं आली, वर कोको आला. 'ले बेक्केरिए'च्या मूळ कृतीत दारूचा थेंब नव्हता, कारण ते पोराबाळांपासून आजीआजोबांपर्यंत सगळ्यांनी खायचं होतं. २०१० साली इटलीच्या पाककला अकादमीने त्रेव्हिझोत नोटरीपुढे जी कृती नोंदवून ठेवली, तिच्यातही नाही. १२ बलक, अर्धा किलो साखर, १ किलो मस्कारपोने, ६० सावोयार्दी बिस्किटं, लागेल तेवढी कॉफी आणि कोको. अंड्याचा पांढरा भाग नाही, फेटलेलं क्रीम नाही, मार्साला वाइन नाही, रम नाही. पदार्थ गाव सोडून जगभर गेला आणि बाटल्या वाटेत कुठेतरी चिकटल्या. तेव्हा मुलांसाठी दारू वगळणं म्हणजे कृतीत काटछाट करणं नव्हे.

उरतात कॉफी आणि कच्चं अंडं. या दोन्हींचा विचार मात्र खरंच करावा लागतो.

चहा-पोळीवर वाढलेल्या माझ्या पिढीला मुलांच्या कॅफीनची काळजी हास्यास्पद वाटेल, पण हिशेब सोपा आहे. युरोपियन अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली मुलांसाठी सांगितलेलं प्रमाण दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम कॅफीन असं आहे. २० किलोच्या मुलीला झाले ६० मिलिग्रॅम. एका कप एस्प्रेसोत साधारण ६० ते ८० असतं. तिरामिसूच्या एका तुकड्यात किती कॉफी मुरली आहे हे बिस्किटं बुडवणाऱ्याच्या हातावर अवलंबून, आणि त्याच दिवशी मुलीने चहा घेतलेला असतो, चॉकलेट खाल्लेलं असतं. एका तुकड्याने आभाळ कोसळणार नाही. पण हा पदार्थ रात्री जेवणानंतर खायचा आणि सकाळी शाळेची बस साडेसहाला, हे माझ्या भाचीचं म्हणणं मला पटलं.

मग लोक काय करतात? कॉफी काढतात आणि तिच्या जागी चॉकलेटचं गोड दूध घालतात. वर चॉकलेट सिरप, त्यावर रंगीत गोळ्या. माझा राग इथे आहे. तिरामिसू उभं आहे ते कडवटपणाच्या आधारावर. मस्कारपोने म्हणजे निव्वळ स्निग्धता, बलक आणि साखर म्हणजे निव्वळ गोडी. त्यांना अडवायला खालून कडू कॉफी आणि वरून बिनसाखरेचा कोको लागतो. दोन्ही काढले की उरतो एक मऊ, गोड चिखल, ज्याचे चार घास चांगले लागतात आणि पाचव्याला मळमळतं. मुलांना कडू चालत नाही हे आपण कुणाला न विचारता ठरवून टाकलेलं असतं. ज्या घरात मेथीची भाजी आणि कारल्याच्या काचऱ्या पानात वाढल्या जातात, ज्या घरात पाडव्याला कडुनिंबाची चटणी जिभेवर ठेवल्याशिवाय पुढचं काही मिळत नाही, त्या घरातल्या मुलीला चमचाभर कोकोच्या कडवटपणापासून वाचवायची गरज काय?

इटलीतल्या आयांनी यावर काढलेला तोडगा मला सगळ्यात आवडतो: जवाची कॉफी, 'काफे दोर्झो'. जव काळपट भाजून, दळून, त्याचा काढा करायचा. रंग कॉफीचा, वास खरपूस, चव कडसर, कॅफीन शून्य. मुसोलिनीच्या काळात स्वदेशीच्या आग्रहापायी आणि पुढे युद्धात खरी कॉफी मिळेनाशी झाली, तेव्हा गरज म्हणून ही घरोघरी प्याली गेली. तंगी संपली तरी ती गेली नाही. आजही तिथल्या बारमध्ये ती मागता येते, आणि लहान मुलं सकाळी दुधात घालून तिच्यात बिस्किटं बुडवतात. मुलांसाठीचं तिरामिसू त्याच चवीतून येतं. सावोयार्दीऐवजी काहीजणी पावेसिनी नावाची छोटी, हलकी बिस्किटं घेतात. काहीजणी स्ट्रॉबेरी किंवा संत्र्याच्या रसात बुडवतात. तेही वाईट नाही, कारण आंबटपणाही गोडीला अडवतो. आपल्याकडे मे महिन्यात जे आंबा-तिरामिसू सगळीकडे उगवतं त्यात हेही होत नाही. हापूसचा रस, क्रीम आणि साखर, गोडावर गोड. त्यापेक्षा आमरस वाटीत घ्यावा आणि पोळीबरोबर खावा, आंब्याचा मान राहतो.

जव वाण्याकडे मिळतात, पॉलिश केलेले बार्लीचे दाणेही चालतात. लोखंडी कढईत मंद आचेवर भाजत राहायचं. सोनेरी झाल्यावर थांबायचा मोह होतो, थांबायचं नाही. गडद तपकिरी व्हायला हवेत, मात्र कोळसा नको. मिक्सरमधून भरड काढून दोन मोठे चमचे भरडीला दोन कप पाणी, दहा मिनिटं उकळी, मग गाळायचं. साखर घालायची नाही. तयार काढा पूर्ण गार होऊ द्यायचा, कारण गरम द्रवात बिस्किट क्षणात खलास होतं.

आता अंडं. मूळ कृतीत बलक कच्चाच असतो. लहान मुलं, गरोदर बायका आणि वृद्ध यांना साल्मोनेलाचा त्रास जास्त होऊ शकतो, म्हणून बलक शिजवून घ्यायचा, यात मी तडजोड करत नाही. चार बलक, १०० ग्रॅम साखर आणि दोन चमचे दूध एका भांड्यात घ्यायचं आणि खाली पाणी उकळत असलेल्या पातेल्यावर ते भांडं धरायचं. पाणी भांड्याच्या बुडाला लागू द्यायचं नाही, आणि हात थांबवायचा नाही, नाहीतर गोड बुर्जी होईल. थर्मामीटर ७१ अंशांच्या पुढे गेला, मिश्रण फिकट आणि दाट झालं की उतरवायचं आणि गार होईपर्यंत फेटत राहायचं. नोटरीकडच्या कृतीत याच्या तिप्पट बलकांना अर्धा किलो साखर आहे. त्या मानाने मी घेते ती बरीच कमी, आणि कुणी तक्रार केलेली नाही.

मस्कारपोने विकत मिळतं, महाग मिळतं. घरी करणं अवघड नाही. दुधाचं क्रीम मंद आचेवर ८५ अंशांपर्यंत तापवायचं, अर्ध्या लिटरला चमचाभर लिंबाचा रस घालायचा, ढवळत दोन-चार मिनिटं ठेवायचं. ते फाटत नाही, नुसतं जाड होतं. गार करून पातळ सुती फडक्यात रात्रभर फ्रीजमध्ये टांगून ठेवायचं. क्रीममधली स्निग्धता जितकी जास्त तितकं ते घट्ट होतं. किराणा दुकानातल्या २५ टक्केवाल्याचं जरा सैल होईल, पण वाटीतून वाढायचं असेल तर हरकत नाही. केकवाल्यांकडचं व्हिपिंग क्रीम पाहून घ्या. पुष्कळदा ते दुधाचं नसतंच, वनस्पती तेलाचं असतं, आणि त्यात कितीही लिंबू पिळलं तरी मस्कारपोने होणार नाही. चक्का वापरू का, असं मला नेहमी विचारलं जातं. नका वापरू. चक्क्याचा आंबटपणा चांगलाच असतो, पण त्याचं काय करायचं हे आपल्याकडे फार पूर्वी ठरलेलं आहे आणि त्यात वेलची घालतात.

अंडं न खाणाऱ्या घरात बलक वगळून मस्कारपोनेत फेटलेलं क्रीम घालता येतं. तरी एक लक्षात ठेवायचं: सावोयार्दीतही अंडं असतं. त्या घरांसाठी बिनअंड्याच्या साध्या केकच्या पट्ट्या कापून मंद ओव्हनमध्ये कडक करून घ्याव्यात. चीज म्हटलं की रेनेटची, म्हणजे प्राण्यांच्या जठरातून काढलेल्या विरजणाची, शंका काढणाऱ्यांना मात्र निश्चिंत करता येतं. मस्कारपोने आम्लाने होतं, रेनेटने नाही.

३०० ग्रॅमच्या आसपास मस्कारपोने आधी चमच्याने मोकळं करून मग गार बलकात हलक्या हाताने मिसळायचं. पुढचं सगळं मुलांवर सोडावं. बिस्किट काढ्यात बुडवून लगेच काढायचं. "एक" म्हणून होईपर्यंत ते बाहेर यायला हवं. आमच्या मुलीने पहिल्या काहींचा लगदा केला, मग तिला अंदाज आला, मग ती मलाच ओरडायला लागली की मी उशीर करतेय. स्टीलच्या वाट्यांत एक थर बिस्किटं, एक थर क्रीम, पुन्हा तसंच. निदान सहा तास फ्रीजमध्ये. कोको वाढण्याआधीच भुरभुरवायचा, चहाच्या गाळणीतून, आणि बिनसाखरेचाच. कोकोतही थोडं कॅफीन असतं, पण त्या भुरभुरीत नगण्य. पहिला घास घेताना श्वास आत घेऊ नये ही सूचना मी दिली होती, तरी सगळे खोकलेच.

"वरचं कडू आहे," ती म्हणाली. मग चमचा खालपर्यंत नेऊन सगळे थर एकदम घेतले. "पण असंच ठेव."

हे फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतं, मुलांना त्यानंतर देऊ नये. मोठ्यांसाठी खऱ्या एस्प्रेसोचं वेगळं करणार असाल तर ते वेगळ्या आकाराच्या भांड्यात लावा आणि झाकणावर चिठ्ठी चिकटवा. कोको भुरभुरल्यावर वरून दोन्ही अगदी सारखी दिसतात, आणि रात्री साडेदहाला फ्रीज उघडणारं माणूस कोणत्या वयाचं असेल ते सांगता येत नाही.