जकातीची मुखत्यारी

पहिला जेम्स इंग्लंडच्या गादीवर येऊन तीन वर्षे होत आली असता, म्हणजे 1606 साली, लेव्हंट कंपनीचा एक व्यापारी जॉन बेट याने व्हेनिसच्या अमलाखालील मुलखातून आणलेल्या काळ्या मनुकांवरची जादा जकात भरण्याचे साफ नाकारले. पार्लमेंटच्या कायद्याने ठरलेल्या अडीच शिलिंगांविषयी त्याची तक्रार नव्हती. त्यावर हंड्रेडवेटमागे आणखी पाच शिलिंग राजाने केवळ स्वतःच्या हुकमाने चढविले होते, त्याला त्याचा आक्षेप होता. प्रकरण एक्स्चेकर न्यायालयात गेले आणि मुख्य न्यायाधीश फ्लेमिंग याने निकाल राजाच्या पदरात टाकला. बंदरे ही राजाची द्वारे आहेत, ती कोणासाठी उघडावीत आणि कोणासाठी मिटावीत हा त्याचा अधिकार आहे, असे त्याच्या विवेचनाचे सूत्र होते. या निकालाचा लाभ घेण्यास खजिनदार रॉबर्ट सेसिल याने विलंब लावला नाही. 1608 मध्ये त्याने दरांचे नवे पुस्तकच काढले, अनेक जिनसांवर जादा जकाती बसविल्या, आणि 1610 च्या पार्लमेंटात त्यावर जो गदारोळ उठला तो पुढे 1641 चा कायदा आणि 1689 चा अधिकारांचा जाहीरनामा होईपर्यंत शमला नाही. पार्लमेंटच्या संमतीवाचून राजाला कर घेता येणार नाही, हे तत्त्व तेथील प्रजेने पदरात पाडून घेतले, आणि त्या झगड्यातला पहिला खटला खाण्याच्या जिनसेवरून लढला गेला.

आपल्या राज्यघटनेच्या 265 व्या अनुच्छेदाने हेच तत्त्व एका वाक्यात बांधले आहे. कायद्याच्या आधाराखेरीज कोणताही कर बसविता वा वसूल करता येणार नाही. अक्षराने पाहता या अनुच्छेदाचे आपल्याकडे पालनच होते. प्रश्न आहे तो त्या कायद्याने सरकारच्या हाती किती मुखत्यारी दिली आहे याचा.

सीमाशुल्क दरांचा कायदा 1975 चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रत्येक जिनसेचा आयात-दर संसदेने लिहून ठेवला आहे, आणि तो दर वाढविण्याची निकड तातडीची असेल तर सरकारला कलम 8अ खाली अधिसूचना काढता येते. पण ती संसदेपुढे ठेवून पंधरा दिवसांच्या आत संमतीचा ठराव मांडावा लागतो, आणि पहिल्या अधिसूचनेला संमती मिळेपर्यंत त्याच जिनसेवर दुसरी काढता येत नाही. अंकुश म्हणून ही योजना चांगलीच म्हटली पाहिजे. पुलवाम्याच्या हल्ल्यानंतर 16 फेब्रुवारी 2019 रोजी पाकिस्तानातून येणाऱ्या यच्चयावत मालावर 200 टक्के जकात बसली ती याच कलमाखाली. अटारीच्या नाक्यावर त्या दिवशी आपली आयातपत्रे आधीच दाखल करून बसलेल्या व्यापाऱ्यांकडूनही वाढीव दराने मागणी झाली, तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला, आणि चाथा राइस मिल्सच्या प्रकरणात 2020 साली न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने घड्याळाचा काटा प्रमाण मानला. अधिसूचना संगणकावरील राजपत्रात रात्री 8 वाजून 46 मिनिटे 58 सेकंदांनी प्रसिद्ध झाली. त्याआधी दाखल झालेल्या मालाला ती लागू नाही. कार्यकारी सत्तेचा हुकूम प्रजेला दिसेपर्यंत तो प्रजेवर चालत नाही, एवढा विवेक न्यायालयाने दाखविला. तथापि सोळाव्या लोकसभेचे अखेरचे अधिवेशन त्याच्या तीनच दिवस आधी संपले होते आणि नवी लोकसभा जूनमध्ये बसली, त्यामुळे मधले चार महिने त्या जकातीविषयी सभागृहात बोलण्याची सोयच नव्हती.

अन्नपदार्थांच्या बाबतीत मात्र सरकारला या कलमाची पायरी चढण्याचे काम क्वचितच पडते. अनुसूचीतले कमाल दर मुळातच चढे ठेवलेले असतात, आणि 1962 च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम 25 खाली 'लोकहितार्थ' सूट देण्याचा अधिकार सरकारपाशी असतो. प्रत्यक्षात चालणारा दर हा अशा सुटीतून कापून काढलेला दर. सूट दिली की जकात उतरते आणि सूट आखडली की चढते. कायद्याच्या भाषेत ही करवाढ नव्हेच, कारण अनुसूचीतल्या मर्यादेच्या आतच सारे घडलेले असते. जागतिक व्यापार संघटनेपाशी भारताने पामतेलासाठी 300 टक्क्यांची मर्यादा मान्य केलेली आहे, म्हणजे बाहेरचे बंधनही नाममात्रच. सोयाबीन तेलाची मर्यादा तेवढी 45 टक्क्यांवर आहे.

या यंत्राचा परिणाम मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या सोयाबीनवाल्याला विचारावा. 2024 च्या हंगामाचा हमीभाव 4,892 रुपये होता आणि बाजार त्याच्याखाली रखडत होता. 14 सप्टेंबर 2024 पासून कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलावरील जकात अधिभारांसह साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्के झाली. विधानसभेच्या मतदानाला तेव्हा दोन महिने होते, याचा अर्थ वाचकांनी आपापल्या मगदुराप्रमाणे लावावा. मे 2025 च्या अखेरीस तीच जकात साडेसोळा टक्क्यांवर उतरली. देशात खाल्ल्या जाणाऱ्या तेलापैकी निम्म्याहून अधिक परदेशातून येत असल्याने एकदा शेतकऱ्याचे आणि एकदा गृहिणीचे हित पाहण्यात आले, असे समर्थन करता येईल, आणि दोन्ही निर्णय आपापल्या वेळी योग्यही असतील. परंतु दोन्ही वेळा संसद बसलेली नव्हती. पहिल्या वेळी ती ऑगस्टमध्ये उठली होती, दुसऱ्या वेळी एप्रिलमध्ये. अमुक क्रमांकाच्या नोंदीसमोरील अमुक स्तंभात पूर्वीच्या आकड्याऐवजी नवा आकडा घालावा, असा रुक्ष मजकूर राजपत्रात येतो आणि कोट्यवधींच्या हिशेबाची उलथापालथ होऊन जाते.

अशा अधिसूचनाही सभागृहाच्या पटलावर ठेवाव्या लागतात, हे खरे. कलम 159 प्रमाणे दोन्ही सभागृहे एकमत झाली तर त्या फिरविता येतात. पण येथे भार उलटा आहे. 8अ खाली सरकारने संमती मागायची. येथे संसदेने आपण होऊन आक्षेप घ्यायचा, तोही ठराविक मुदतीत आणि पटलावरील कागदांच्या ढिगाऱ्यातून नेमका कागद हुडकून. 2021 साली सशर्त सवलती दोन वर्षांनंतरच्या 31 मार्चला आपोआप संपाव्यात अशी दुरुस्ती झाली, ती स्वागतार्हच. पण बिनशर्त सवलती तिच्या कक्षेबाहेर राहिल्या.

याला एक सबळ उत्तर दिले जाते आणि ते टाळून चालणार नाही. जकात वाढणार अशी चर्चा महिनाभर सभागृहात चालली तर व्यापारी तेवढ्या अवधीत जहाजे भरभरून माल आणतील, उतरणार असे कळले तर बंदरात आलेला मालही सोडवून घेणार नाहीत. गुप्तता आणि तातडी यांची गरज मला मान्य आहे. म्हणूनच अर्थसंकल्पातील जकाती विधेयक मांडताच अमलात येण्याची तरतूद 1931 सालच्या कायद्याने केली होती आणि आता 2023 च्या कायद्याने ती पुढे चालविली आहे. पण त्या वसुलीला पुढे संसदेची मोहोर लागतेच. पूर्वसंमती मागा असे कोणी म्हणत नाही. पश्चात् संमती मागण्यात मात्र सरकारची कोणती अडचण आहे, हे समजत नाही.

संसदेने कलम 25 मध्ये अन्नधान्य, कडधान्ये, खाद्यतेल आणि साखर यांच्यापुरते एक पोटकलम घालावे. दर वर्षभरात अनुसूचीच्या ठराविक हिश्शापलीकडे हलला तर पुढील अधिवेशनाच्या पहिल्या पंधरवड्यात लोकसभेत ठराव यावा, त्यासोबत देशातील साठा, पेरा आणि भाव यांचे टिपण जोडलेले असावे, आणि ठराव आला नाही किंवा फेटाळला गेला तर त्या तारखेपासून पूर्वीचा दर आपोआप लागू व्हावा. मधल्या काळातील वसुलीला धक्का लावू नये, म्हणजे परताव्याचे तंटेही उद्भवणार नाहीत. लातूरच्या खासदाराला असे का केले म्हणून विचारायची संधी आज शून्य प्रहरात मिळाली तर मिळते. ठरावावर मात्र त्याला बोलताही येईल आणि मतही द्यावे लागेल, आणि ते कोणत्या बाजूने दिले हे त्याच्या मतदारांना वाचता येईल.