आठवणीतला पाठ

झाडीबोलीत 'ण'च्या जागी 'न' येतो. चिचगडच्या परिसरात 'पाणी' ऐकू येते ते 'पानी' असे. आम्ही काही मराठीचे अध्यापक या भागातले शब्द टिपून ठेवत आलो आहोत. आमच्यापैकी एकाने सवयीने 'पानी'चे 'पाणी' केले, दुसऱ्याने ते पुन्हा 'पानी' केले, आणि दोघांनीही आपापले कारण लिहून ठेवले. हा सारा वाद 'गिट' या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत साठला होता. गेल्या पावसाळ्यात विजेच्या ये-जा करण्यात हार्डडिस्क बिघडली आणि ते भांडार उघडेना.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिहिलेली ही प्रणाली प्रत्येक नोंदीला तिच्या मजकुरावरूनच एक लांबलचक सांकेतिक नाव देते. मजकुरात एक काना बदलला तरी नाव जुळत नाही. त्यामुळे कोणत्या नोंदी नासल्या, हे तपासून कळते. आपल्या पोथ्यांना ही सोय नव्हती. लेखकूची चूक पोथी आपण होऊन सांगत नाही.

बिघडलेल्या डिस्कवर काहीही न लिहिता आम्ही आधी तिची जशीच्या तशी प्रत काढून घेतली. देवरीच्या सहकाऱ्याच्या संगणकावर संपूर्ण इतिहासासह भांडार होते. तिथून नासलेल्या नोंदी आणून भरल्या. 'पानी'चा वाद परत मिळाला. त्याच्याकडे न पोचलेल्या अकरा दिवसांच्या नोंदी मात्र गेल्या.

प्रती पुष्कळ असल्या म्हणजे निभावते, असेही नाही. मार्च २०१३ मध्ये 'केडीई' या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या मुख्य सर्व्हरवर बिघाड झाला, आणि त्याच्या नकला ठेवणाऱ्या सर्व्हरांनी तो बिघाडही इमानाने उतरवून घेतला. सुमारे १५०० भांडारे वाचली ती एका सर्व्हरवर शाबूत प्रत उरली म्हणून. निमूटपणे नक्कल करणारी प्रत साक्षीदार होऊ शकत नाही.

आमच्या अकरा दिवसांचे काय? त्यांतल्या बऱ्याच नोंदी एका आजींच्या बोलण्यावरून घेतल्या होत्या. त्या आता हयात नाहीत. आठवणीतून लिहावे की कोरे सोडावे, यावर आमच्यात दोन तट पडले.

हा प्रश्न मराठीला नवा नाही. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत पुढे धाडीत हरवली आणि अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा सिद्ध केली, असे महानुभाव परंपरा सांगते. त्यातून पाठभेद निर्माण झाले. पण हिराइसेच्या स्मरणातला पाठ आजही 'हिराइसापाठ' म्हणूनच ओळखला जातो. आठवणारीचे नाव पाठाला चिकटून राहिले, हे त्या परंपरेचे मोठेपण आम्हांस वाटते. पाठभेद असणे हा दोष नव्हे. ते झाकून एकच पाठ मूळ म्हणून पुढे करणे हा दोष.

म्हणून आम्ही त्या नोंदी पुन्हा लिहिल्या. प्रत्येकीपुढे 'स्मरणातून' असे नोंदवून आठवणाऱ्याचे नाव दिले. दोघांना वेगळे आठवले तिथे दोन्ही रूपे ठेवली. आजींच्या तोंडचे शब्द एकदा आमच्या हातून निसटले. ते परत आणण्याच्या भरात आमचे शब्द त्यांच्या तोंडी घालण्याचा अधिकार आम्हांस नाही.